गुरुवारी, अडीच वाजता

डर्क, आपलं गुरुवारी अडीचला ठरलं होतं. तुमच्या बायकोने, लीसने, तुमच्या डायरीत पेनने लिहिलं होतं, मी माझ्या फोनमध्ये टाकलं होतं, वर आदल्या दिवशीचा गजरसुद्धा लावून ठेवला होता. आणि तुम्ही मंगळवारी सकाळीच गेलात. आयुष्यात कधी कोणाला दोन मिनिटं ताटकळत ठेवलं नाहीत, आणि नेमकं माझ्याच वेळेला हे असं करायची काय गरज होती?

मी रागावले आहे. आज सोमवार. आठवडाभर घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. कपाट आवरायला काढते आणि अर्धं सोडून देते. दूध ठेवते, ते उतू जातं. मिलिंद, माझा नवरा, दोनदा म्हणाला, "अगं, बस जरा." बसवत नाही. मला तुम्हाला एक वाक्य सांगायचं होतं. मराठीत तीन शब्दांचं, डचमध्येही तीनच. तुम्ही बरोबर होतात. तीन वर्षं ते तोंडात धरून बसले, आणि शेवटी सांगायचं ठरवलं तेव्हा त्यासाठी अपॉइंटमेंट घेतली.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक म्हणाले, तुमच्या साहेबांवर दोन पानं लिहून द्या. सोबत नमुनाही पाठवला: जन्म, शिक्षण, भूषवलेली पदं, पश्चात परिवार. "भूषवलेली पदं" म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगितलं असतं तर तुम्ही खुर्चीतून पडेपर्यंत हसला असतात. कंपनीत चौथ्या मजल्यावर काचेची खोली होती तुमची. बाकीचे डायरेक्टर खाली जेवायला जायचे आणि तुम्ही डब्यातून चीजचे दोन ब्रेड काढून टेबलावरच खायचात. पावसात सायकलने यायचात आणि ओले पायमोजे हीटरवर वाळत घालायचात. एकदा बाहेरून मोठी मंडळी आली होती तेव्हा ते पायमोजे मी उचलून ड्रॉवरमध्ये कोंबले. तुम्ही संध्याकाळभर शोधत होतात, मी सांगितलं नाही.

ख्रोनिंगनजवळच्या एका खेड्यात तुमच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंत. पुढे दुकान, मागे घर. गिऱ्हाईक पुढून यायचं आणि घरची माणसं मागच्या दाराने. "आमच्या गावात घराचं पुढचं दार दोनदाच उघडतं," तुम्ही म्हणाला होतात, "पाद्री येतो तेव्हा आणि शवपेटी जाते तेव्हा." मी म्हटलं, मजाच आहे. तेव्हा ते कानावरून गेलं.

खेड्यातून तुम्ही लायडनला आलात, औषधशास्त्र शिकलात, शिकवलंत, आणि पन्नाशीला आल्यावर विद्यापीठ सोडून औषध कंपनीत गेलात. विद्यापीठातले तुमचे मित्र त्यानंतर दोन वर्षं तुमच्याशी धड बोलत नव्हते. मी तुम्हाला विचारलं होतं, का गेलात म्हणून. तुम्ही म्हणालात, "प्रयोगशाळेत मी औषध कसं चालतं ते शोधायचो. कोणतं थांबवायचं, ते भलतेच लोक ठरवायचे. मला त्या टेबलावर बसायचं होतं." मला हे उत्तर फार आवडलं होतं. नंतर हेच उत्तर मी तुमच्या तोंडावर फेकलं.

माझी मुलाखत आठवते का? पुण्यात फार्मसी केलेली, नवऱ्यामागून डिपेंडंट व्हिसावर आलेली, आणि मध्ये चार वर्षं काहीच नाही. त्या चार वर्षांचं काय सांगायचं हे मी आरशासमोर पाठ करून आले होते. तुम्ही कागद उलटा ठेवलात आणि विचारलंत, "मुलीला ताप आला की सिरप कशाने मोजतेस?" मी सांगितलं, बाटलीच्या टोपणाने नाही, सिरिंजने. वेळ लिहून ठेवते. तासाने कपाळ बघते, दोन तासांनी परत, आणि हाउसआर्ट्सला, आमच्या फॅमिली डॉक्टरला, फोन केला की तो म्हणतो पॅरासिटॅमॉल द्या आणि वाट बघा, म्हणून मी वाट बघते आणि तेही लिहून ठेवते. ती वही आहे का अजून, तुम्ही विचारलंत. होती. पुढच्या वेळी आणायला लावलीत, आणि चष्मा कपाळावर चढवून इराच्या तापाची पानंच्या पानं वाचलीत. मग म्हणालात, "चार वर्षं तू हेच काम करत होतीस. आता पगार घेऊन कर." माझं नाव तुम्हाला कधी नीट म्हणता आलं नाही. शेवटपर्यंत मी मनयिरीच राहिले. पण त्या दिवशी घरी जाताना मला परत मंजिरी झाल्यासारखं वाटलं होतं, हे तुम्हाला कधी बोलले नाही. घ्या, हेही राहिलंच.

तुमची ती सोमवारची मीटिंग सगळ्यांच्या डोक्यात जायची. विक्रीचे आकडे नंतर. पहिला प्रश्न ठरलेला. "गेल्या आठवड्यात आपल्या औषधाने कोणाचं काय वाईट झालं?" कोणाला पुरळ उठलं, कोणी चक्कर येऊन जिन्यावरून पडलं, सगळं मोठ्याने वाचायचं. मार्केटिंगवाले कंटाळून छताकडे बघायचे. मी मात्र वर्गात पहिल्या बाकावर बसावं तशी बसायचे. माझ्या मनात तुम्ही कंपनीतले साहेब नव्हतातच, तुम्ही आमचे सरच होतात. सर म्हणू नकोस, असं तुम्ही पन्नास वेळा सांगितलंत, तरी.

आणि मग तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मला रुजू होऊन दुसरं वर्ष होतं. आपल्याकडे माणूस आजारी पडला की विचारत बसत नाहीत, उठतात आणि जातात. मी मऊ भात केला, वर तूप, बाजूला मेतकूट आणि भाजलेला पापड, डबा भरला आणि हार्लेमहून गाडीने लायडस्खेनडामला तुमच्या दारात. बेल वाजवली. लीसने दार उघडलं ते अंघोळीच्या गाऊनमध्ये, डोक्याला टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. काय तिचा चेहरा झाला होता. गोड आवाजातच म्हणाली, "तो झोपलाय. पुढच्या वेळी आधी फोन करशील का?" मी डबा तिच्या हातात दिला आणि जी निघाले ती स्टेशनवर येऊन रडले. सहा आठवड्यांनी तुम्ही कामावर आलात, डबा घासूनपुसून, रिकामा माझ्या टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "फार मऊ होतं." एवढंच. मला वाटलं, झालं, आपण गावंढळ ठरलो.

त्या दिवसापासून मी पक्की डच झाले. शेजारणीकडे लिंबू मागायलासुद्धा मेसेज करून जाते. आई पुण्याहून फोनवर म्हणते, अगं, मैत्रिणीच्या घरी जायला तारीख काय घेतेस? मी म्हणते, इथे असंच असतं.

आता त्या औषधाचं. लहान मुलांच्या फिट्सवरचं आपलं औषध, ज्याच्यामागे मी सहा वर्षं घातली. दिवसाला दहा-दहा झटके येणारी मुलं शाळेत जायला लागली होती, डर्क. आणि दोन मुलांच्या यकृताचे आकडे वर गेले. दोनच. मी म्हणत होते, ते सोबतच्या दुसऱ्या औषधामुळे आहे, ते नंतर सुरू केलं होतं, सगळं लिहिलेलं आहे. वरची मंडळीही चालू ठेवा म्हणत होती. तुम्ही एकट्याने सही करून ते थांबवलंत. भर मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, मी उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्ही शास्त्रज्ञ होतात. आता दुकानदार झालात. ज्या टेबलावर बसायला आलात, तिथे कटकट नको म्हणून शटर ओढलंत."

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "माझे वडील दुकानदारच होते," तुम्ही म्हणालात. "काउंटरवरून काय द्यायचं नाही, हे त्यांना माहीत होतं."

आठवड्याभराने एका आईचं पत्र आलं. तिच्या मुलाचे झटके परत सुरू झाले होते. मी ते नेऊन तुमच्या टेबलावर आपटलं. त्या सोमवारी तुम्ही तुमचा नेहमीचा प्रश्न विचारला नाहीत, ते पत्र स्वतः वाचलंत, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, आणि म्हणालात, "गेल्या आठवड्यात हे वाईट झालं. हे मी केलं." मला ते नाटक वाटलं. मी उठून बाहेर गेले. पुढे दोन वर्षं आपण कामापुरतं बोलत राहिलो, मग मी कंपनी सोडून शिकवायला लागले, तुम्ही रिटायर झालात. मग वर्षातून दोनदा तुम्ही हार्लेमला यायला लागलात, नदीकाठाने सायकली हाणत आपण सगळ्या जगावर बोलायचो, त्या औषधाचं नाव काढलं की मात्र आपली वादावादी. तुम्ही म्हणायचात, नीट बघ. मी म्हणायचे, शंभरदा बघितलंय.

नव्हतं बघितलं. तीन वर्षांपूर्वी त्या दोन मुलांच्या यकृताच्या आकड्यांचा आलेख मी वर्गात फळ्यावर लावला. फसलेल्या औषधाचा अहवाल छापलाच पाहिजे असा हट्ट तुम्ही कंपनीत धरला होतात, त्यातलाच. पोरांना सांगत होते, बघा, घाबरट निर्णय कसा घेतात. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, ही रेघ दुसरं औषध सुरू व्हायच्या आधीच वर चढायला लागली आहे." बारीकशी. दोन्ही मुलांत. दुसऱ्या औषधाच्या खुणेच्या अलीकडे. मी खडू हातात धरून उभी राहिले. आणखी महिनाभर चालू ठेवलं असतं तर काय झालं असतं, ते मला फळ्यावर दिसत होतं. उरलेला तास मी काय शिकवलं, देवाला ठाऊक.

त्याच महिन्यात तुम्ही सायकल घेऊन आलात आणि मी तुम्हाला इराच्या शाळेबद्दल सांगत राहिले. तिचं डच किती छान आहे, मराठी समजतं पण उत्तर डचमध्ये देते, वगैरे. तुम्ही ऐकत होतात. दरवेळी ठरवायचे, आज सांगायचं. दरवेळी माझं नाक मध्ये यायचं. त्या खोलीत ओरडले ते सगळ्यांसमोर, आणि माफी मागायची ती नदीकाठी हळूच, हेही पटत नव्हतं. एकूण काय, कारणांना तोटा नव्हता.

मग तुमचा तो मेल आला. "स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. त्याचं औषधशास्त्र मला माहीत आहे, त्यात काही विशेष नाही. मी घरी असतो. डर्क." मी सात-आठ वेळा वाचला. आणि काय केलं असेल मी? उत्तर लिहिलं: भेटायला यायचं आहे, कोणता दिवस सोयीचा पडेल? लीसचं उत्तर आलं, दोन आठवड्यांनंतरचा गुरुवार, अडीच. डॉक्टर दोन-तीन महिने म्हणत होते. मी म्हटलं, बरं झालं, तेवढा वेळ मिळाला. ते वाक्य कसं म्हणायचं, आधी काय, नंतर काय, आरशासमोर पाठ करत होते. परत तीच मी, मुलाखतीच्या आदल्या दिवसासारखी.

मंगळवारी दुपारी लीसचा फोन आला. आवाज अगदी सरळ. "डर्क आज सकाळी गेला. शनिवारपर्यंत तो घरीच आहे. तुझी गुरुवारची वेळ आहे ती तशीच ठेवायची का?"

ठेवा म्हटलं.

तर मी आले, डर्क. गुरुवारी, अडीच वाजता, पुढच्या दाराने, बेल वाजवून. लीस म्हणाली, "वेळेवर आलीस." तुम्ही पुढच्या खोलीत, तुमच्या त्या चौकटीच्या शर्टात. इथे माणसाला असं चार-पाच दिवस घरात ठेवतात हे मला ठाऊक होतं, पण कोणाला बघितलं नव्हतं. आपल्याकडे तासांत सगळं उरकतात. मी खुर्ची ओढून बसले. पाठ केलेलं तोंडाशी आलं आणि माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. तीनला दुसरं कोणीतरी येणार होतं. माझा अर्धा तास होता. त्यातली पंचवीस मिनिटं मी तुमच्या शर्टाची बटणं मोजली.

लीसने कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि समोर बसली. म्हणाली, "तो रोज दुपारी मला मागच्या दाराची कडी काढायला लावायचा." मी म्हटलं, का? "तुझ्यासाठी. मी त्याला सांगितलं, अरे, तिची गुरुवारची वेळ ठरली आहे. तो म्हणाला, ती सभ्यपणा म्हणून लिहिते आहे. ती त्याआधीच येईल, न विचारता येईल. भात घेऊन येईल. तिच्याकडे तशीच पद्धत आहे."

लीस खाली बघून बोलत होती. "त्या वेळी तू डबा ठेवून गेलीस आणि दहा मिनिटांनी तो उठला. माझ्यावर इतका चिडला होता. तिला बसवलं का नाहीस? सगळा भात त्याने एकट्याने खाल्ला, डब्याला लागलेलाही. आयुष्यात न विचारता त्याला भेटायला आलेली तू एकटीच, असं तो ज्याला-त्याला सांगायचा."

मला नाही सांगितलंत, डर्क. तोंडावर खरं बोलतात म्हणून जगभर नावाजलेले लोक तुम्ही, आणि एवढं एक तुम्हाला मला बोलता आलं नाही. "फार मऊ होतं" म्हणालात. एकाच डब्यावरून मी शिकले की न विचारता जायचं नसतं, आणि तुम्ही शिकलात की मी न विचारता येते. मी तुमची रीत पाळत बसले, तुम्ही माझी. दोन आठवडे. मी लीसला म्हटलं, तू मला फोन करायचा होतास ना. ती म्हणाली, "मी म्हटलं त्याला. तो म्हणाला, फोन केला तर ती अपॉइंटमेंट झाली."

"तुझ्याशी भांडायचं होतं त्याला," लीस पुढे म्हणाली. "त्या जुन्या औषधाबद्दल. काहीतरी सापडलं होतं म्हणे. किती डोस, कमी डोस, असं काहीतरी. मी नीट लक्ष दिलं नाही गं."

हे कशाला सांगितलं तिने मला? कमी डोस म्हणजे काय, डर्क? कमी दिलं असतं तर ते औषध वाचलं असतं, असं म्हणायचं होतं तुम्हाला? म्हणजे मी पूर्ण चुकीची नव्हते? की कमी देऊनही यकृताने तेच केलं असतं, हे मला दाखवायचं होतं? गुरुवारी घरी आल्यापासून टेबलभर कागद पसरून बसले आहे. जेवणसुद्धा कागद सरकवून चाललं आहे. मिळत नाही. तुम्ही शांत बसाल आणि मी जिंकेन, असली भांडणं मला कधी नको होती.

शनिवारी अकराला तुम्हाला नेणार होते. मी पहाटे उठून तांदूळ धुतले. डबा तोच, तुम्ही घासून परत दिलेला. निघताना इराने झोपेतून उठून डचमध्ये विचारलं, "त्यांना माहीत आहे तू येणार ते?" नाही, म्हटलं. ती बघत राहिली. आईला काय झालंय, असं तिच्या तोंडावर होतं.

तुमच्या घरांच्या रांगेमागे तो अरुंद बोळ आहे ना, कचऱ्याचे डबे आणि सायकली लावलेला, तिथून मी पहिल्यांदाच गेले. लाकडी फाटक, मग चार पावलांची बाग, मग दार. ढकललं तर उघडलं. लीस स्वयंपाकघरात उभी होती, अंघोळीच्या गाऊनमध्ये, केस ओले. आम्ही एकमेकींकडे बघितलं. या वेळी ती काही म्हणाली नाही, मीही सॉरी म्हटलं नाही. डबा ओट्यावर ठेवला आणि सरळ पुढच्या खोलीत तुमच्याजवळ आले. घड्याळ बघितलं नाही. पाठ केलेलं काही आठवलंच नाही. मराठीत म्हणाले, कारण तेच तोंडातून आलं, "सर, तुम्ही बरोबर होतात." आणि मग, "पण डोसचं काय ते सांगून जायला हवं होतंत."

परत स्वयंपाकघरात आले तर लीसने डबा उघडला होता. वाफ होती अजून. तिने कपाटातून वाट्या काढल्या, एक, दोन, तीन. ओट्यावर मांडल्या. तिसरीकडे जरा बघत राहिली. मग तीही भरली, आणि माझ्या हातात दिली. "त्याच्या खोलीत बसून खाऊ," म्हणाली. "तो वाट बघत होता."